रक्ताचं कारण

सकाळपासून चौथ्यांदा गणपती मोरीत उभा होता आणि लघवीचा थेंबही पडत नव्हता. ओटीपोट दगडासारखं कडक झालं होतं. भिंतीला डोकं टेकून त्यानं जोर लावला. कळ मस्तकात गेली आणि रक्ताची एक काळपट गुठळी तेवढी फरशीवर पडली. सवयीनं त्यानं तिच्यावर तांब्या ओतला.

तीन महिने तो हेच करत आला होता. लघवी लाल दिसली की पाणी ओतायचं आणि गुमान बाहेर यायचं. साखर कारखान्याच्या बॉयलरवर तीस वर्षं काढलेला माणूस, आगीला कधी भ्याला नाही. पण थोरला भाऊ जोतीराम याच वाटेनं गेला होता. आधी लघवीतून रक्त, मग मूत्राशयाचा कॅन्सर, आणि सहा महिन्यांत सगळं आटोपलं. त्याला खांदा देऊन अजून वर्ष झालं नव्हतं. डॉक्टरनं रोगाचं नाव घेतलं की माणूस संपला, असं गणपतीच्या मनानं घेतलं होतं. म्हणून त्यानं कुणाला नाव घेऊच दिलं नव्हतं. बायकोलाही कळू दिलं नव्हतं.

आज लपवता आलं नाही. त्याचं कण्हणं ऐकून पारूबाईनं दार ढकललं. फरशीवरचा गुलाबी ओघळ तिला दिसला. ती रडली नाही, ओरडलीही नाही.

"दुखतंय, का नुसतंच पडतंय?" तिनं विचारलं.

"आज दुखतंय. एरवी नुसतंच."

तिचं तोंड पांढरं पडलं. "चला, कोल्हापूरला जाऊया," एवढंच ती बोलली.

शेजाऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर तो पोट धरून वाकला होता. बिद्री गाव मागं पडलं. एप्रिलचं ऊन काचेतून आत येत होतं आणि प्रत्येक खड्ड्याला त्याच्या तोंडून आईचं नाव निघत होतं.

"पारू, दादाचं झालं तसंच माझं हुणार बघ. माझ्या माघारी म्हस इकू नगंस. तेवढाच आधार हाय तुला."

पारूबाई खिडकीबाहेर बघत राहिली. "कोण कुणाच्या माघारी ऱ्हातंय, कुणी बघितलंय?" ती म्हणाली.

दवाखान्यात नळी घातली तेव्हा कुठं त्याचा जीव खाली पडला. पण पलंगाला टांगलेली पिशवी लालभडक भरली. ती बघून त्यानं भिंतीकडं तोंड केलं. दोन दिवस तपासण्या चालल्या. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, मग लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून मूत्राशय आतून बघितलं. पारूबाई दिसेल त्या नर्सला गाठून विचारत होती, ती दुर्बीण लई दुखती का, रोग लवकर सापडला तर माणूस जगतंय का. गणपतीला पलंगावरून सगळं ऐकू येत होतं. बाई आपल्यासाठी किती जीव पाखडतेय, या विचारानं त्याचे डोळे भरून यायचे.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले.

"आजोबा, कॅन्सर नाही. प्रोस्टेट वाढलंय. मूत्राशयाच्या तोंडाशी एक ग्रंथी असते, वय झालं की ती फुगते. तिनं वाट दाबली म्हणून लघवी अडली आणि तिच्यावरच्या शिरा फुटल्या म्हणून रक्त पडलं. ऑपरेशन केलं की बरे व्हाल. पण तीन महिने अंगावर काढलंत, ते चुकलं. लघवीतून एकदा जरी रक्त दिसलं, तरी दाखवायचं. दुखत नसलं तर आणखी लवकर दाखवायचं."

गणपतीला हुंदका फुटला. चारचौघांत त्यानं बायकोचा हात कधी धरला नव्हता, तो आज धरला. "वाचलो गं पारू! ऐकलंस न्हवं? वाचलो की!"

पारूबाईनं मान हलवली. तिची नजर डॉक्टरांवरून हलली नव्हती.

"डॉक्टर, ही ग्रंथी बायकास्नी असती का?"

डॉक्टर हसले. "नाही मावशी. ही फक्त पुरुषांना."

गणपतीही ओल्या डोळ्यांनी हसला. पारूबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, नवऱ्याच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला आणि खालच्या आवाजात विचारलं,

"मग माझ्या लघवीतनं दिवाळीपास्नं रगात कशानं पडतंय?"