तिसरं स्थळ

दोन स्थळांकडून "मुलगा गटारात काम करतो" म्हणून नकार आल्यावर सुबोधने तिसऱ्या मुलीला थेट खाडीकाठच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातच बोलावलं. नकार यायचाच असेल तर इथेच येऊ दे!

केतकीने नाकाला रुमाल लावूनच टाक्या पाहिल्या. त्याने हेही स्थळ मनातून सोडून दिलं.

"एवढी घाण तुम्ही साफ करता?"

"मी कुठला? हे बघा कोण करतं." त्याने टाकीतल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

ती वाकली. इवलेसे जीव लगबगीने घाण खात होते. नीट दिसावं म्हणून तिने रुमाल पर्समध्ये टाकला आणि पुन्हा डोळा लावला.

"उद्या आईला घेऊन येते," मान वर न करताच ती म्हणाली. "पण तिला आधी हे दाखवा. टाक्या मग."