सरांचा ओटीपी

“वहिनी, सरांच्या मोबाइलवर ओटीपी आला असेल. सांगता का पटकन?”

विभागप्रमुख मिराशी माझ्या फोनवर बोलत होते. हे गेले त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासूनचा हा सातवा फोन. यांचं विद्यापीठातलं खातं बंद करायचंय, किचकट काम आहे, असं ते सांगायचे आणि मी आकडे वाचून दाखवायचे. आज पहिल्यांदा चष्मा लावून अख्खा मेसेज वाचला.

“मिराशी, हा तर शोधनिबंध पाठवायचा ओटीपी आहे!”

ते जराही चाचरले नाहीत. “अहो, बँकिंगच्या अभ्यासात सरांच्या नावाला वजन आहे. आम्ही लिहितो, वर नाव सरांचं टाकतो. लगेच छापून येतं, लोक संदर्भ देतात. वर्षात सहा निबंध झाले! संदर्भांच्या मोजणीत सर आज विद्यापीठात पहिले आहेत. तुम्हाला अभिमानच वाटेल.”

मला शिसारी आली. सहकारी बँकांवरच्या एका निबंधासाठी हे चार वर्षं गावोगाव हिंडले होते, आणि शेवटी एक तक्ता चुकीचा निघाला म्हणून यांनी स्वतःच तो मागे घेतला होता. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात, हे ऐकून होते. त्यांना ओटीपी पुरवणारी मीच निघाले.

“वहिनी, लवकर. दोन मिनिटांत बाद होईल.”

बांगडीतली सेफ्टीपिन काढून मी यांच्या मोबाइलमधलं सिमकार्ड बाहेर काढलं.

“निबंध यांचा आहे ना? मग थांबा, यांना विचारून सांगते.”