चाळीसपर्यंत

"ही बाई कोण?" आबांनी लेकीकडे बोट दाखवून विचारलं.

दुरुस्तीवाल्या खंडागळेंनी कौसल्येला समजावलं, "पूर्वी डोक्यातलं स्मृतियंत्र वेगळं असायचं, ताई. बिघडलं की तेवढंच बंद करायचो. आता वेगासाठी ते श्वास चालवणाऱ्या गाभ्यातच बसवतात. म्हणजे दोन्ही एकदम बंद होणार, चाळीस सेकंद. तुम्ही मोठ्याने मोजा. ओळखीच्या आवाजाने गाभा लवकर जागा होतो."

त्यांनी कळ दाबली. आबांची छाती थांबली.

कौसल्या त्यांचा हात धरून मोजू लागली. चाळीस झाले, तरी छाती हलेना. "एकेचाळीस, बेचाळीस..." तिला रडू फुटलं.

खंडागळेंच्या घड्याळात तेव्हा कुठे तीस झाले होते.

अखेर आबांनी खोल श्वास ओढला. "पाढे म्हणतानाही अशीच पळायचीस, कौसे," ते पुटपुटले. "सावकाश मोज."