तिसऱ्या गाण्यातल्या शिट्ट्या

कॅसेट तुटल्यावर कित्येक वर्षांनी यज्ञेश्वरनं आपला लाडका रॉक अल्बम पुन्हा ऐकला; लेकीनं मोबाइलवर शोधून दिला होता. तीच गिटार, तोच त्या अमेरिकन गायकाचा खरखरीत आवाज. तिसरं गाणं संपलं आणि तो उखडला.

"यातल्या तीन शिट्ट्या काहून काढल्या? जान होती गाण्याची!"

त्याची बायको संपदा हसत सुटली.

"गाण्यात नव्हत्याच त्या. लग्न ठरल्यावर तुमच्यासाठी मी माहेरी बूढ़ापाऱ्यात दोन टेप समोरासमोर ठेवून कॅसेट भरून राहिली होती, तेव्हा आमच्या आईनं कुकर चढवला होता."

यज्ञेश्वर उठला. डाळ धुतली, कुकर गॅसवर ठेवला आणि स्वयंपाकघरातूनच ओरडला, "हव, आता लाव तिसरं!"