वर्नाचं टेबल

एप्रिल आला की अख्खी गल्ली बुटांच्या खोक्यात पावत्या कोंबून वर्नाच्या स्वयंपाकघरात यायची. कराचे कागद भरावेत तर वर्नानंच, आणि तेही तिनं केलेला केक खात खात, असा ओहायोतल्या त्या गल्लीचा शिरस्ताच होता. यंदा टेबलाशी एकटा लाइल बसला होता, तिचा नवरा. तो हार्डवेअरच्या दुकानात कामाला गेला की घरी सोबतीला एक बाई ठेवावी लागे. अशा बाईच्या पगारावर मिळणारी करसवलत सरकारनं वाढवली, असं रेडिओवर ऐकलं म्हणून त्यानं खोकं काढलं होतं.

वर्ना समोर येऊन बसली. सवयीनं तिनं खोकं आपल्याकडे ओढलं.

"बोला, कसं काय येणं केलंत? लग्न झालंय?"

"झालंय," लाइल म्हणाला.

"बायको कमावते?"

"पूर्वी कमवायची."

"बरं. घरी कोणी असं आहे का, ज्याला एकटं सोडता येत नाही?"

लाइलनं गार कॉफीचा कप बाजूला सारला. "आहे."

"मग ही सवलत अजिबात सोडू नका. हक्काची आहे तुमच्या." तिनं नेमक्या रकान्यावर बोट ठेवलं. मग जरा पुढे वाकून आवाज खाली आणला.

 

"फक्त त्या माणसादेखत भरू नका हं. बिचाऱ्याला वाईट वाटतं."