भूकंपातला आवाज

फारूकभाईंनी लातुरात वीस वर्षं रिक्षात बसून भोंग्यावर सिनेमांची जाहिरात केली. पण लोकांच्या कानात राहिला तो त्यांचा भूकंपातला आवाज. छावणीत ओळख पटलेल्या मयतांची यादी तेच वाचायचे. आधी गाव, मग नाव, आणि प्रत्येक नाव सावकाश, दोनदा.

निकालाच्या दिवशी क्लासवाल्या शिवशंकर सरांनी त्यांना चौकात बोलावून गुणवंतांची यादी दिली. "चाचा, सिनेमावाला आवाज नको. तो भूकंपातला काढा. लोकांच्या अंगावर काटा आला पाहिजे. नव्या बॅचा भरायच्यात."

"सर, त्या आवाजात मी मयताबिगर कुणाचं नाव घेतलेलं न्हाई."

"आज घ्या की मग! लोक थांबलेत."

फारूकभाईंनी क्लासच्या बोर्डाकडे पाहिलं. वर्षभर पहिल्या नंबरावर झळकणारा हदगावच्या पोरीचा फोटो तिथं नव्हता. महिन्यापूर्वी तिनं होस्टेलात जीव दिला, आणि दुसऱ्याच दिवशी सरांनी फोटो खरवडून काढायला लावला. डिंकाचे डाग तेवढे राहिले होते.

त्यांनी यादी चुरगाळून सरांच्याच खिशात कोंबली आणि माईक तोंडाशी धरला.

"हदगाव," ते सावकाश म्हणाले. "पुनम ग्यानोबा शिंदाळे."

सरांनी झेपावून भोंग्याची वायर उपटली.

दुसऱ्यांदा फारूकभाईंनी ते नाव बिनमाईकचं घेतलं.