साहेबरावांची आवराआवर

"माणसाची खरी प्रगती तो काय मिळवतो यात नसून, तो काय टाकून देतो यात आहे," असं साहेबरावांनी खुर्चीवर उभं राहून जाहीर केलं, तेव्हा त्या खुर्चीचा एक पाय निखळून बाजूला पडला.

साहेबरावांना टायपिस्ट सुषमाने धरलं. खुर्चीला कोणी धरलं नाही. पहिला लाल स्टिकर तिलाच लागला.

रांजणगावच्या त्या कारखान्याच्या ऑफिसातून आजवर काहीही बाहेर गेलं नव्हतं. कॉम्प्युटर आले तरी टाइपरायटर राहिले. झेरॉक्स आली तरी सायक्लोस्टाइलचं यंत्र राहिलं. हरवलेल्या कुलपांच्या किल्ल्यासुद्धा बिस्किटाच्या डब्यात जपलेल्या होत्या. साहेबराव इथे तात्पुरते मॅनेजर होते. संध्याकाळी हेड ऑफिसच्या धनश्री मॅडम तपासणीला येणार होत्या. अडगळ दिसली नाही तर साहेबराव कायम होणार होते. दिसली तर पुन्हा गोडाऊनवर, पोत्यांच्या सहवासात. म्हणून त्यांनी जपानी पद्धत काढली होती. जे वापरात नाही त्याला लाल स्टिकर लावायचा आणि सरळ भंगारात द्यायचं.

स्टिकर लावून झाल्यावर त्यांनी गेटवरच्या आण्णांना आत बोलावलं. आण्णांचा अर्धा जन्म मेंढरांमागं गेला होता. आता ते कंपनीच्या बसगाड्या आत घेत, पण अजून तोंडाने हुर्र करत.

"आण्णा, भंगारवाल्याचा टेम्पो येईल. स्टिकर बघून माल भरून द्या."

"देतो की. ह्ये काय मला शिकवाया पायजे व्हय?"

साहेबराव निर्धास्त मनाने शिरूरला केस कापायला गेले.

परतले तेव्हा ऊन कललं होतं. त्यांनी ऑफिसचं दार ढकललं आणि ते उंबऱ्यातच थांबले.

आत काही नव्हतं. लांबच्या लांब फरशी आणि तिच्यावर पिवळं ऊन, एवढंच. कपाटं होती तिथे भिंतीवर फिकट चौकोन उरले होते, जणू भिंतीला नव्याने खिडक्या फुटल्या होत्या. वरचा पंखा कोणासाठी म्हणून नव्हे, आपला सहज फिरत होता. साहेबराव दोन पावलं आत गेले. पावलांचा आवाज समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन सावकाश परत आला. त्यांना अंग हलकं झाल्यासारखं वाटलं. आपण जमिनीवरून जरा वर चालतो आहोत असंही वाटलं. इतकं सुंदर ऑफिस त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांना आपलं टेबल आठवलं.

सुषमा मधोमध फरशीवर मांडी घालून बसली होती. तिच्या मांडीवर टेलिफोन होता. टेम्पो भरताना तो सारखा वाजत होता, म्हणून तेवढा राहिला होता.

"सुषमा, टेबल कुठंय माझं?"

"गेलं, सर. कॉम्प्युटर पण गेले. माझा नेला तेव्हा मला जरा वाईट वाटलं. पण सकाळीच तुम्ही टाकून देण्याबद्दल इतकं छान बोललात."

साहेबराव मागच्या खिडकीकडे धावले.

मागच्या मोकळ्या जागेत लिंबाखाली सगळी अडगळ उभी होती. गंजलेली कपाटं, टाइपरायटर, सायक्लोस्टाइलचं यंत्र, लंगड्या खुर्च्या, सगळ्यांची तोंडं एकीकडे. वाऱ्याने लाल स्टिकर किंचित हलत होते. सावल्या लांबल्या होत्या आणि तो सगळा जमाव आता चरायला हळूच पुढे सरकेल असं वाटत होतं. शेजारी काठीवर हनुवटी टेकून आण्णा बसले होते.

"आण्णा, ह्ये काय केलं तुम्ही?"

"राखण."

"अवो, लाल लावलेलं भंगारात घालायचं होतं."

आण्णांनी त्यांच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "साहेब, बाजाराच्या दिशी जी मेंढरं घरी ठिवायची, त्यास्नी लाल टिक्का लावत्यात. बिनटिक्क्याची गाडीत. आमच्या आज्यापासनं ह्येच हाय. तुमच्यात उलटं असंल तर लावायच्या आधी सांगायचं."

"टेम्पो कुठाय?"

"दौंडच्या वाटंला लागला. तुमची ती गोल फिरती खुर्ची व्हती न्हाई का, त्यो भंगारवाला तिच्यात बसूनच गेला. मागं, हौद्यात."

बाहेर हॉर्न वाजला. साहेबरावांनी घाईने खिडकी लावली आणि ते तिच्यापुढे, नुकत्याच कापलेल्या केसांसकट, रुंद होऊन उभे राहिले.

धनश्री मॅडम दारात आल्या. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि अनवाणी आत आल्या. उन्हाच्या पट्ट्यातून सावकाश चालत त्या पलीकडच्या टोकाला गेल्या, भिंतीवरच्या एका फिकट चौकोनाला हात लावला, आणि तशाच सावकाश परत आल्या. त्यांचे डोळे पाणावले होते.

"आयुष्यभर मी लोकांना हेच सांगत फिरले, साहेबराव," त्या हळूच म्हणाल्या. "माझं कोणी ऐकत असेल असं मला वाटलं नव्हतं."

"पद्धत आहे, मॅडम," साहेबराव म्हणाले. त्यांचा आवाज घुमला आणि तोही चांगला वाटला.

"तुम्ही कायम. उद्याच कळवते." मॅडम पंख्याखाली उभ्या राहिल्या. पुण्यापासूनचे खड्डे त्यांच्या कमरेत भरले होते. एक हात तिथे ठेवून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"आता जरा टेकायला एखादी खुर्ची देता का?"